प्लेन की डिझाईन?

मराठीत 'डिझाईन' या शब्दाचा विरुद्धार्थी शब्द 'प्लेन' हा आहे. व्याकरणाच्या कोणत्याही पुस्तकात तो दिलेला नाही. पण पेण, अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन यांपैकी कुठल्याही बाजारपेठेत साडीच्या, फरशीच्या किंवा खिडकीच्या ग्रिलच्या दुकानात पाय ठेवला की पहिला प्रश्न तोच येतो: प्लेनमध्ये दाखवू की डिझाईनमध्ये? शब्दाचा सर्वांत रूढ अर्थ या प्रश्नातच आहे. वस्तू आधीच तयार असते. तिच्यावर मागाहून जे छापतात, विणतात, कोरतात किंवा वेल्डिंगने चिकटवतात ते डिझाईन. त्याचे पैसे वेगळे पडतात. साडीच्या काठाला डिझाईन असते, उंबरठ्यापुढच्या रांगोळीला असते, मेंदी तर नुसते डिझाईनच. बादलीला मात्र नसते. तिचे तोंड बुडापेक्षा रुंद का, रिकाम्या बादल्या एकीत एक कशा बसतात, कडी पाणी भरल्यावरही मधोमध कशी राहते, याचा कोणी तरी कधी तरी विचार केला असेल अशी शंका बादली घेणाऱ्याला येत नाही. तिच्यावर गुलाबाची फुले छापलेली दिसली की मग तो म्हणतो, यात दुसरे डिझाईन नाही का?

शब्दाच्या लिंगाबाबत एकमत नाही. शिंप्याकडे 'ती' डिझाईन असते, इंजिनिअरकडे 'ते' डिझाईन येते. या लेखात इंजिनिअरची बाजू घेतली आहे, ती केवळ सोयीसाठी.

कायदा मात्र पूर्णपणे साडीच्या दुकानदाराच्या बाजूचा आहे. भारताच्या 'डिझाईन्स ॲक्ट, २०००' प्रमाणे डिझाईन म्हणजे तयार वस्तूचा आकार, ठेवण, नक्षी, सजावट किंवा रेषा-रंगांची मांडणी, आणि तीही केवळ डोळ्यांनी जोखायची. वस्तू बांधण्याची पद्धत किंवा तिच्यातली निव्वळ यांत्रिक करामत या व्याख्येतून वगळलेली आहे. नोंदणी झालेल्या डिझाईनला दहा वर्षे संरक्षण मिळते, अर्ज केला तर आणखी पाच. म्हणजे बादलीवरच्या गुलाबाला कायदा ओळखतो. कडी मधोमध का राहते ते विचारायचे असेल तर दुसऱ्या खिडकीवर जावे लागते. संसद आणि साडीवाला यांचे इतके एकमत एरवी आढळत नाही.

शब्दाचे कूळ पाहिले तर त्याच्या पोटात दोन गोष्टी सुरुवातीपासून एकत्र नांदत होत्या. लॅटिनमधल्या मूळ क्रियापदाचा अर्थ खूण करून दाखवणे, आखून देणे. इटालियनमध्ये त्यापासून झालेला 'दिसेन्यो' चित्रालाही लावत आणि मनातल्या बेतालाही. फ्रेंचांनी पुढे या घराची वाटणी केली: चित्राचा शब्द वेगळा, हेतूचा वेगळा. ती वाटणी फक्त लिहिण्यापुरती झाली. उच्चार दोघांचा एकच राहिला, त्यामुळे बोलताना भाऊ अजून एकाच दारातून ये-जा करतात. इंग्रजांनी वाटणी केलीच नाही. त्यांच्याकडे खुर्चीचेही डिझाईन असते आणि शेजाऱ्याच्या जमिनीवरही असते. या दुसऱ्या अर्थाला मराठीत 'डोळा असणे' म्हणतात. अलिबाग तालुक्यात रस्त्याकडेच्या जमिनीची किंमत वाढायला लागल्यापासून या अर्थाचा वापर भरपूर होतो, शब्द न वापरता.

चौल-रेवदंड्याला पोर्तुगीज दोन शतकांहून अधिक काळ होते. पोर्तुगीजांकडून मराठीने चावी घेतली, बिजागरी घेतली, पाव, बटाटा आणि पगारही घेतला. पण त्यांचा चित्राचा आणि आराखड्याचा शब्द घेतला नाही. तो माल घरात आधीच होता, आणि त्यातला सर्वांत उत्तम नग म्हणजे 'घाट'.

घाट म्हणजे वस्तूचा आकार, आणि घाट म्हणजे बेत. तांब्याचा घाट सुबक असतो, आणि आत्याबाई पुतणीच्या लग्नाचा घाट घालतात. पहिल्यात धातूला वळण दिले जाते, दुसऱ्यात पुतणीला. शिवाय ज्या वळणावळणाच्या रस्त्याने रायगडचा माणूस देशावर जातो तोही घाटच. फ्रेंचांनी जे तोडले आणि इंग्रजांनी जे नुसते चिकटलेले ठेवले, ते मराठीने एका अक्षरजोडीत निगुतीने कालवले आहे. तांब्याची गोष्ट निघालीच आहे तर हेही सांगायला हवे, की १९५८ साली भारत सरकारच्या निमंत्रणावरून आलेल्या चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन जोडप्याने आपल्या अहवालात उत्तम डिझाईनचे उदाहरण म्हणून तांब्याचीच निवड केली. किती पाणी मावावे, कमरेवर कसा टेकावा, ओतताना धार कशी पडावी, हाताला कसा लागावा, किंमत किती असावी, असे प्रश्न त्यांनी एकामागून एक मांडले आणि एकट्यादुकट्या माणसाला हे जमलेच नसते, पिढ्यान् पिढ्या लागल्या असणार, असे ठरवले. त्या अहवालातून १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाईन संस्था उभी राहिली. बाजारपेठेत मात्र तो तांब्या आजही 'प्लेन' या सदरात मोडतो.

घाटाचे भाऊबंद बरेच आहेत आणि बहुतेकांचे एक पाऊल सभ्य घरात, एक गल्लीत असते. 'रचना' वाक्याची असते, नगराची असते. पण कटही रचतात, कुभांडही रचतात, आणि शेवटी सरणही रचतात. 'कट' या शब्दाची शिंप्याच्या दुकानात इंग्रजी कटाशी गाठ पडली, त्यामुळे तिथे प्रिन्सेस कट भरदिवसा, माप घेऊन शिजतो आणि पोलिसांना त्याचे काही वाटत नाही. 'करणी' देवाची असली तर हात जोडायचे आणि शेजारणीची असली तर लिंबू-मिरची आणायची. 'नमुना' कापडाचा असतो. तलाठ्याकडे गेले तर गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा मिळून सातबारा होतो. आणि त्या सातबाऱ्यासाठी तीन वर्षे हेलपाटे घालूनही उत्साह न ढळलेल्या गृहस्थाकडे पाहून लोक म्हणतात, काय नमुना आहे!

'बेत' हा शब्द विशेष दखल घेण्याजोगा आहे, कारण मोहिमेचा बेत आणि जेवणाचा बेत यांत मराठी माणूस फरक करत नाही. थंडीत अलिबाग-पेणकडे पोपटीचा बेत होतो, आणि पोपटीइतके नेटके डिझाईन शोधून सापडायचे नाही. मातीच्या मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, आवडत असेल तर कोंबडी, ओवा आणि मीठ. तोंडाशी पुन्हा पाला कोंबायचा, मडके शेतात पालथे घालायचे आणि भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब घालायचा नाही. शेंगांचा आणि पाल्याचा ओलावा आतल्या आत कोंडून सगळे वाफवते, आणि झाकण म्हणून आलेला पाला वासही देऊन जातो. दिसायला काळे पडलेले मडके, त्यात काही डिझाईन नाही.

सरकारी कार्यालयांत शब्द शुद्ध होतो आणि अर्थ आणखी फुटतात. सार्वजनिक बांधकाम विभागाकडे पुलांचे गणित करणारे 'संकल्पचित्र मंडळ' आहे. संकल्प आणि चित्र, फ्रेंचांनी वेगळे केलेले दोन्ही भाऊ एका पाटीखाली आणून बसवणारा हा शब्द ज्याने घडवला त्याचे कौतुक व्हायला हवे होते. पण तो पाटीवर राहिला आणि आतल्या टेबलांवर सगळे 'डिझाईन'च म्हणतात. 'आकृतिबंध' हा शब्द साहित्याचे प्राध्यापक कवितेच्या घडणीसाठी वापरतात आणि मंत्रालय मंजूर पदांच्या संख्येसाठी. त्यामुळे 'आकृतिबंधात त्रुटी आहे' या वाक्याने एका ठिकाणी चर्चासत्र होते आणि दुसऱ्या ठिकाणी दोन लिपिकांची बढती थांबते. 'आराखडा' विकासाचा असतो. तो नकाशावर रेघा मारून होतो, म्हणजे लॅटिन अर्थाला अगदी धरून. किनाऱ्यावर त्यातली सर्वांत महत्त्वाची रेघ उच्चतम भरती रेषेची: सीआरझेडचे, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचे, जमिनीकडचे अंतर तिथून मोजतात. समुद्राला ही रेषा दाखवलेली नसल्याने तो आपल्या अंदाजाने येतो.

इतके अर्थ एकाच शब्दात भरल्यावर काय होते, ते किनाऱ्यावर बंगला बांधताना दिसते. मालक मुंबईला, प्लॉट चौलला किंवा नागावला. पाया भरून झाला की मिस्त्रीचा फोन येतो.

"साहेब, डिझाईन आलं नाही अजून, काम थांबलंय."

"अहो, डिझाईन परवाच नाही का पाठवलं व्हॉट्सॲपवर?"

साहेबांनी पाठवलेले असते बाथरूमच्या फरशीचे, शंख-शिंपल्यांचे. मिस्त्रीला हवी असते कॉलममध्ये सळई किती आणि कुठल्या जाडीची, तो आरसीसीचा कागद. आर्किटेक्टच्या तोंडी डिझाईन म्हणजे खोल्यांची मांडणी, मालकिणीच्या तोंडी समोरचे एलेव्हेशन, पीओपीवाल्याच्या तोंडी छताला उलटा लटकलेला लाटांचा आकार. पाचही जण खरे बोलतात. आठवडाभर सिमेंटच्या गोण्या तेवढ्या ताडपत्रीखाली पडून राहतात.

सर्वांत मोठा घोळ छपराचा. अलिबागेला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत उरकतो. जुन्या घरांनी यावर उतरत्या कौलांचे उत्तर काढले होते: उतार असा की पाणी थांबू नये, आणि पाखे पडवीच्या पुढे इतके खाली आणलेले की झड भिंतीला लागू नये. उंच पाहुणा आत येताना आपोआप नमस्काराच्या पवित्र्यात येई, हा जादा फायदा. नव्या बंगल्याला सपाट स्लॅब असतो, कारण त्याचे डिझाईन मॉडर्न असते. पहिल्या पावसाळ्यात त्यावर पाणी साचते, दुसऱ्यात ते खाली दिवाणखान्यात पीओपीच्या लाटांना खरे पाणी पुरवते. तिसऱ्या वर्षी मालक स्लॅबवर लोखंडी सांगाडा उभारून निळे पत्रे टाकतो, उतरते. अशा रीतीने घराला पुन्हा उतरते छप्पर येते; फक्त ते दोनदा बांधलेले असते. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले तेव्हा कौलेही उडाली आणि पत्रेही. फरक इतकाच की कौल उडून आपल्याच वाडीत पडते, पत्रा गाव बदलतो.

जुन्या बांधणाऱ्यांकडे डिझाईन हा शब्द नव्हता. अलिबागच्या समुद्रातला कुलाबा किल्ला शिवाजी महाराजांनी १६८० साली बांधायला घेतला आणि संभाजी महाराजांच्या काळात तो पुरा झाला. त्याच्या तटाचे मोठमोठे दगड चुना न भरता नुसते एकावर एक रचलेले आहेत. लाट येऊन आपटते, पाणी फटींतून आत शिरते, जोर मोडतो, पाणी परत जाते. चुन्याने लिंपून गुळगुळीत केला असता तर तट अधिक देखणा दिसला असता, आणि प्रत्येक लाटेचा सगळा मार त्याने छातीवर घेतला असता. याच्या उलट मुरूडसमोरचा पद्मदुर्ग. तिथल्या तटातले दगड खाऱ्या वाऱ्या-पाण्याने खंगत खोल गेले आहेत आणि मधला चुना मात्र जिथल्या तिथे उभा आहे, मधाच्या पोळ्यासारखा. सांधा टिकला आणि ज्याला सांधले तोच गेला. समुद्रात दगड कसे रचावेत या प्रश्नाची ही दोन उत्तरे एकाच जिल्ह्यात आणि जवळजवळ एकाच काळात दिलेली आहेत, आणि तीनशेहून अधिक वर्षे दोन्ही उभी आहेत. पद्मदुर्ग अगदी त्याच खडकावर का, याचे उत्तर बांधकामात नाही, ते समोरच्या जंजिरा किल्ल्यात आहे. तिथे राज्य करणाऱ्या सिद्दीच्या उरावर कोणी तरी बसायला हवे होते. ते डिझाईनही होते आणि डोळाही.

जंजिऱ्याची खुबी अशी की राजपुरीहून शिडाच्या होडीने निघाले तर महादरवाजा दिसतच नाही. दोन बुरुजांच्या बेचक्यात तो असा दडवला आहे की होडी तटाला लागायच्या बेताला आली की उघड होतो, म्हणजे वरच्या तोफांना होडी दिसून बराच वेळ झाल्यावर. दाराशी दगडात एक शिल्प आहे: वाघासारखे श्वापद आणि त्याच्या पंज्यांत पकडलेले हत्ती. पर्यटक त्याला नक्षी समजून फोटो काढतात. वास्तविक ती नोटीस आहे.

अलिबागेतच आणखी एक इमारत आहे जिचे डिझाईन मुख्यतः कशाकशाचे नसणे असे आहे. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजदाद चालत असे. विसाव्या शतकाच्या आरंभी शहरात घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचे ठरले. घोड्यांचा चुंबकसूचीला काही त्रास नव्हता. विजेचा झाला असता. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय मूस यांनी हे काम अलिबागेला हलवले आणि १९०४ साली तिथे नोंदी सुरू झाल्या. आकडे जुळतात की नाही हे कळावे म्हणून दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकदम मोजणी चालली. नवी इमारत पोरबंदरच्या दगडाची, जिथे धातू लागलाच तिथे पितळ-तांब्यासारखा चुंबकाला न जुमानणारा. लोखंड वर्ज्य. ग्रिलवाल्याला तिथे काम मिळाले नसते. लांबून पाहणाऱ्याला ती अत्यंत प्लेन वाटते. तिची सगळी कारागिरी जे वापरले नाही त्यात आहे, आणि ते अर्थातच दिसत नाही.

पेणच्या बाजूला खारभूमीत 'उघाडी' नावाची गोष्ट असते. खाडीचे खारे पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून बांध घालतात आणि पावसाचे पाणी बाहेर जावे म्हणून बांधात मोरी ठेवतात. मोरीच्या खाडीकडच्या तोंडाला वरून टांगलेली झडप असते. ओहोटीला आतले पाणी तिला ढकलून बाहेर पडते. भरती आली की बाहेरचे पाणीच तिला दाबून बंद करते. समुद्र स्वतःच्या जोराने स्वतःला बाहेर कोंडतो, रोज दोनदा, बिनपगारी. नाव उघाडी, आणि तिची खरी परीक्षा बंद होण्यात. झडपेत ओंडका अडकला आणि भरती आत गेली तर त्या खाचरात पुढली काही वर्षे भात नीट येत नाही.

त्याच पेणमध्ये आणि जवळच्या हमरापूर-जोहे गावांत गणपती घडतात. तिथले गिऱ्हाईक डिझाईन म्हणते तेव्हा त्याला लालबाग, दगडूशेठ, टिटवाळा यांपैकी काही तरी म्हणायचे असते. कारागिराच्या भाषेत तो साचा. डोळ्यांची आखणी निराळी. ती सर्वांत शेवटी आणि जाणत्या हातानेच होते, आणि एका केसाइतकी रेघ हलली तर प्रसन्न देव रागावलेला दिसतो. 'आखणी' हाच शब्द सेनापती मोहिमेसाठी वापरतो. पण शाडूच्या मूर्तीच्या घडणीत आणखी एक गोष्ट आधीपासून धरलेली असते, ती म्हणजे तिने पाण्यात विरघळावे. प्लॅस्टर ऑफ पॅरिसची मूर्ती वजनाला हलकी, किमतीला स्वस्त, मुकुटावरची नक्षी तिच्यात जास्त बारीक उठते. विसर्जन झाल्यावर मात्र ती जायला तयार नसते. डोळ्यांनी जोखायचे तर तिचे डिझाईन वरचढ आहे. हा वाद न्यायालयापर्यंत गेला.

शब्दाचा सर्वांत मोठा अर्थ धर्मशास्त्राचा. विल्यम पेली या इंग्रज धर्मोपदेशकाने १८०२ साली लिहिले की रानात घड्याळ सापडले तर ते घडवणारा कोणी तरी असणारच. मग त्याहून गुंतागुंतीची सृष्टी कोणी घडवल्याशिवाय कशी होईल? या युक्तिवादाला त्याने अख्खे पुस्तक खर्च केले. किनाऱ्यावर तोच युक्तिवाद 'देवाची करणी आणि नारळात पाणी' या पाच शब्दांत, घड्याळ न हरवता, चालत आलेला आहे. पेलीला पुढे डार्विनने उत्तर दिले. नारळाने आपल्या पाण्याबद्दल काही खुलासा केलेला नाही.

पाखरांच्या बाबतीत मात्र अलिबागजवळच्या किहीममध्ये प्रत्यक्ष चौकशी झाली. १९३० साली जर्मनीहून परतलेल्या सालिम अलींना कळले की मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममधली आपली नोकरी पैशांअभावी उरलेली नाही. ते किहीमच्या घरी राहायला आले आणि घराजवळच सुगरणींची वसाहत पाहून तासन् तास तिच्याकडे बघत बसले. त्यातून आलेला लेख १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलमध्ये छापून आला. खोपा विणतो तो नर, हे तर दिसतच होते. मराठीने पक्ष्याला नाव स्त्रीलिंगी देऊन कामाचे श्रेय आधीच दुसरीकडे वळवले आहे आणि बहिणाबाईंच्या कवितेनंतर ते परत मिळण्याची आशा उरलेली नाही. नवे होते ते पुढचे. नर खोपा निम्माच विणून थांबतो, हेल्मेटसारखा. मग माद्या येतात आणि आत-बाहेर करून पाहणी करतात. एखादीला पसंत पडला तर ती आत मुक्काम टाकते, आणि तेव्हा तो खालची नळी विणून काम पुरे करतो. लगेच शेजारी दुसरा खोपा, दुसऱ्या मादीसाठी. पसंत नाही पडला तर काम तिथेच सोडायचे आणि नवीन सुरू करायचे. आगाऊ रक्कम घेण्याची पद्धत त्यांच्यात नाही. मादी खोप्यात नेमके काय बघते यावर अभ्यासकांनी बराच विचार केला आहे. विणीवरची नक्षी बघत नसावी, कारण तशी ती नसतेच.

नापसंत झालेले अर्धे खोपे विहिरीवरच्या फांदीला किंवा शिंदीच्या झावळीला लोंबत राहतात आणि वाऱ्याने खाली पडतात. त्यांतले काही वेचून बंगल्यांच्या व्हरांड्यात दिव्यावर टांगले जातात. तळ उघडा असल्याने उजेड चांगला पडतो. पाहुणे विचारतात, हे काय आहे? डिझाईन आहे, असे सांगतात.